खालचं काढून पाहा

प्रज्ञाताई दातांच्या डॉक्टर होत्या, पण त्यांना मी माझे दात कधी दाखवले नाहीत. अकोल्यातल्या त्यांच्या दवाखान्यातल्या त्या खुर्चीत मात्र मी पुष्कळदा बसले. डोक्यावर पांढरा दिवा, डाव्या हाताला चूळ भरायचं छोटं बेसिन, आणि हातात स्वतः लिहिलेली गोष्ट. रविवारी दवाखाना बंद असे. ताई सकाळी विहारात जाऊन येत, आणि महिन्यातून एकदा दुपारी मागचं दार आमच्यासाठी उघडत. वाचणाऱ्यानं खुर्चीत बसायचं, कारण तिथे उजेड चांगला. बाकीचे प्लास्टिकच्या स्टुलांवर. ताईंचं स्टूल चाकांचं होतं. गोष्ट आवडू लागली की त्या नकळत जवळ सरकत. कंटाळा आला की पायाखालचं बटण दाबत, आणि खुर्ची हळूहळू मागे झुकायला लागे. अमरावतीचा तेजस इंजिनिअरिंगला होता, आणि त्याला सूर्योदयाची वर्णनं फार आवडत. एकदा त्याचा सूर्य वर येईपर्यंत तो पूर्ण आडवा झाला होता. आडवं पडूनच त्यानं विचारलं, "ताई, थांबू काय?"

"थांबू नको. सूर्य तेवढा लवकर काढ."

आम्ही लिहायचो ते सगळं निळदरीबद्दल. निळदरी नावाची मुलांसाठीची चार पुस्तकं आहेत. कायम धुक्यात बुडालेली एक दरी, तिच्यातून वाहणारी नदी, आणि त्या नदीचे दरवाजे राखणारं एक घर. त्या घरात दोन बहिणी, थोरली रेवा आणि धाकटी इरा. चौथ्या पुस्तकात महापूर येतो. पुलापलीकडचा दरवाजा बंद करायला रेवा जाते, दरवाजा बंद होतो, दरी वाचते, आणि तिच्यामागे पूल पडतो. ती मेली की पलीकडे राहिली ते पुस्तक सांगत नाही. त्यानंतर लेखिकेनं लिहिलंच नाही.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी हा तिथे एक विषय होता, मार्क मिळवण्यापुरता. निळदरीची पुस्तकं ही मी आपणहून वाचलेली पहिली मराठी पुस्तकं. अडखळत वाचली, त्यामुळे त्या दरीत मी इतरांपेक्षा जास्त दिवस राहिले असं मला वाटतं. पुढे नोकरी लागल्यावर इंटरनेटवर कुठेतरी वाचलं की अकोल्यात काही लोक निळदरीच्या पुढच्या गोष्टी स्वतः लिहितात आणि महिन्यातून एकदा भेटून वाचतात. मी बडनेऱ्याहून गाडी धरली. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन परत आले. पुढच्या महिन्यात आत गेले.

आवडत्या पुस्तकाच्या पुढच्या गोष्टी वाचकांनी लिहायच्या, हे जगभर चालतं. त्यात भांडण एकाच गोष्टीवरून होतं: खरं कोणतं धरायचं? कुणी लिहितं की दरीतला नावाडी म्हातारपणी आंधळा झाला, कुणी लिहितं की तो तरुणपणीच गाव सोडून गेला. दोन्ही कसं चालेल? इंग्रजीत, जे खरं धरलं जातं त्याला कॅनन म्हणतात. तो शब्द माझ्याकडे होता. ताईंचा शब्द होता पक्कं. बाकी सगळं कच्चं. घराबद्दल किंवा रस्त्याबद्दल बोलावं तसं त्या बोलायच्या.

आणि पक्कं ठरवायची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठेच पाहिलेली नाही. त्या मत घेत नसत. हात वर करायला लावत नसत. आज वाचलेली गोष्ट आज पक्की होतच नसे, कितीही सुंदर असली तरी. पुढे कधीतरी दुसऱ्या कुणी आपली गोष्ट तिच्यावर उभी केली, तर ती पक्की. कुणी पाय ठेवलाच नाही, तर ती कच्ची राहायची. दोन गोष्टींचं आपसात जमत नसेल, तर जिच्यावर आधी पाय पडला ती राहायची. एवढाच कायदा.

फक्त पाय खरंच पडला आहे की नाही हे ताई ठरवत. त्यासाठी लिहिणाऱ्याला बाहेर, पेशंटच्या बाकावर जाऊन बसावं लागे. तो गेला की काचेचं दार लोटून ताई म्हणत, "आता खालचं काढून पाहा. वरचं पडलं, तं पक्कं. उभं राहिलं, तं त्यानं नुसता हात लावला होता."

हे ऐकायला सोपं वाटतं. पण एखाद्यानं मैत्रीखातर दुसऱ्याच्या गोष्टीतलं गाव, माणूस, सण आपल्या गोष्टीत आणून ठेवलेला असायचा, आणि ताई तो सण अलगद उचलून बाजूला ठेवायच्या, आणि काही पडायचं नाही. किडलेला भाग आणि चांगला भाग वेगळा करण्याची सवय असलेल्या माणसाचं ते काम होतं. त्यात राग नसे, दयाही नसे.

हिवरखेडचे सुधाकरकाका आमच्यात सगळ्यात मोठे. केळीची बाग होती त्यांची. नातीला वाचून दाखवता दाखवता स्वतःच निळदरीच्या नादी लागलेले. त्यांनी पहिल्या गोष्टीत निळदरीत उन्हाळा आणला. चारही पुस्तकांत ऊन नाही. तेजस त्यांच्यावर तुटून पडला. काका शांतपणे म्हणाले, "बारा महिने धुकं असन, तं तिथं पिकते काय? मानसं खातेत काय, धुकं?"

ताई म्हणाल्या, कच्चं आहे, राहू द्या. उन्हाळा असाच काही महिने पडून राहिला. मग तेजसनंच एक गोष्ट लिहिली. नदी आटते आणि पात्रात जुन्या, विसरलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. त्या पायऱ्या पुढे आमच्या निम्म्या गोष्टींत आल्या. तेजस बाहेर बाकावर बसलेला, आणि आत ताईंनी विचारलं, "ऊन काढलं तं नदी आटते काय?" आटत नव्हती. निळदरीत उन्हाळा पक्का झाला. पुढच्या बैठकीला काकांनी केळीचा अर्धा घड आणून बेसिनजवळ ठेवला आणि तेजसला म्हणाले, "खा लेका, तुह्याच उन्हात पिकली."

पुण्या-मुंबईच्या वाचकांचा एक मोठा गट होता, ऑनलाइन. त्यांना आमच्याबद्दल कळलं. त्यांनी ताईंना फार आदरानं बैठकीला बोलावलं, निळदरीत अधिकृत काय ते ठरवणारी एक समिती करत होते. ताईंनी त्या रविवारी लॅपटॉप ट्रेवर ठेवला, आम्ही मागे बसलो. एका मुलीनं विचारलं, तुमच्याकडच्या गोष्टींत रेवा 'मले' म्हणते, पुस्तकात ती 'मला' म्हणते, याचं काय करायचं? ताईंनी विचार केला. मग म्हणाल्या, "पुस्तकात ती घरात कमीच बोलते. कामाचंच बोलते. घरातलं आमी ऐकलं." पलीकडे काही जण हसले, ते चांगलं हसणं होतं की नाही ते मला कळलं नाही. मग त्यांनी एकेका मुद्द्यावर हात वर केले. ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं, आभार मानले आणि लॅपटॉप बंद केला. आम्हाला म्हणाल्या, "हात वर कराले काही लागत नाही. लिहाले लागते."

पण त्या स्वतः लिहीत नसत. एक ओळसुद्धा नाही. हे मला सगळ्यात विचित्र वाटायचं, कारण निळदरी त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती. तेजसनं एकदा विचारलं होतं. ताई हातमोज्यांच्या खोक्यातून मोजे काढून नीट लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "जो लिहिते त्यानं ठरवू नाही. अन् मी लिहिलं, तं तुमी माह्या तोंडाकडं पाहून हो म्हनसान."

त्यांना तीन धाकट्या बहिणी होत्या, तिघी लांब लांब. रविवारी दुपारी आमचं वाचन चालू असताना कुणीतरी एक फोन करायचीच. ताई खिडकीशी जाऊन बोलत. आईचा तो मोठा पितळी गंज कुठे ठेवला, लोणच्याला मोहरी किती घ्यायची, अमक्याच्या लग्नात आपण काय दिलं होतं. ताईंना सगळं ठाऊक असे. "माळ्यावर, डाव्या हाताले, पोत्यामागं," असं सांगून त्या परत स्टुलावर येत. मी एकाच बाजूचं बोलणं ऐकत होते, त्यामुळे पलीकडून आणखी काय विचारलं जायचं ते मला माहीत नाही. पण "मी बरी हाय" हे त्यांच्या तोंडून त्या फोनवर कधी ऐकलं नाही.

रेवाबद्दल मात्र त्या आपणहून एकदाच बोलल्या. चहा झाला होता, कपबशा मी विसळत होते. पूल पडतो तो प्रसंग किती छान आहे असं कुणीतरी म्हणालं. ताई म्हणाल्या, "छानच हाय. पन त्याच्यापुढं अर्धं पुस्तक हाय. पूर ओसरते, सन होते, इराले मान भेटते. एकानं तरी इचारलं काय, ते पोरगी कुठं गेली म्हून?"

मी घरी जाऊन पुस्तक काढलं. खरंच कुणी विचारत नाही.

माझी गोष्ट तिथून आली. आधी इंग्रजीत सुचली, ती तशीच लिहून पाहिली, पण इंग्रजीत रेवा मला परकी वाटली. मग मराठीत लिहिली, पुष्कळ खोडून. त्यात रेवा परत येते. फार दिवसांनी, होडीतून, केस कापलेले, अंगावर पलीकडच्या लोकांचे कपडे. नावाडी तिला ओळखत नाही. ती बाजारात जाते, तेलवाल्याकडून दिव्यापुरतं तेल घेते. तोही ओळखत नाही. ती घाटावर जाऊन बसते. एवढंच.

खुर्चीत बसून मी ती वाचायला लागले तेव्हा मला माझाच आवाज येत नव्हता. ताईंनी दिवा थोडा खाली ओढला आणि पेशंटला म्हणतात तशाच सुरात म्हणाल्या, "आ करा." सगळे हसले, मीही हसले, आणि नंतरचं ऐकू गेलं. खुर्ची मागे झुकली नाही, एवढं मला कळलं. काका खाकरले. ताई म्हणाल्या, "तेलाचं बरं लिहिलं."

त्यानंतर मी वाट पाहायला लागले. कुणाला सांगितलं नाही. दर महिन्याला कुणीही वाचायला बसलं की मी त्या गोष्टीत माझं तेल शोधायची. एकदा एका गोष्टीत दिवा लागला, पण तो दुसऱ्याच घरातला दिवा होता. रेवा जिवंत आहे असं लिहिणं मोठी गोष्ट होती. तिच्यावर पाय ठेवायला कुणी धजावत नव्हतं. परतीच्या गाडीसाठी निघताना ताई एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "थांब वं बाई. पाय पडाले टाइम लागते." माझ्या चेहऱ्यावर काही दिसतं असं मला तोवर वाटत नव्हतं.

आणि मग पाचवं पुस्तक आलं. खरंखुरं, छापलेलं. प्रकाशकांनी ते दुसऱ्याच एका लेखकाकडून लिहून घेतलं होतं. पहिल्याच पानावर, एका वाक्यात, रेवाचं प्रेत दरवाजाशी सापडतं. दुसऱ्या वाक्यापासून गोष्ट इराची.

त्या रविवारी दवाखान्यात कुणी नीट बसत नव्हतं. आता आपलं सगळंच संपलं, असं जो तो म्हणत होता. मूळ पुस्तक म्हणजे मूळ पुस्तक. ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छापलं म्हून पक्कं होत नाही. बसवा त्याले खुर्चीत." तेजसनं पुस्तक खुर्चीत ठेवलं आणि शेजारी उभं राहून पहिलं प्रकरण वाचलं. वाचून झाल्यावर ताईंनी ते उचललं, बाहेर नेलं, पेशंटच्या बाकावर ठेवलं, आणि आत येऊन दार लोटलं. त्यांनी हे गमतीनं केलं नव्हतं. आम्ही हसलो नाही.

"कच्चं हाय," त्या म्हणाल्या. "कोनी पाय ठेवला तं पाहू."

पाय ठेवणारा निघाला तेजसच. दोनच दिवसांत त्यानं आमच्या फोनवरच्या ग्रुपवर कळवलं की त्याची गोष्ट तयार आहे: इरा रेवासाठी घाटावर एक दगड बसवते. पुढच्या बैठकीत वाचणार. तेजस चांगलं लिहायचा, आणि ही गोष्ट त्यानं मनापासून लिहिली होती, यात मला शंका नव्हती. खालचं पुस्तक काढलं तर दगड पडणार होता. म्हणजे त्या रविवारी रेवा पक्की मरणार होती, ताईंच्याच कायद्यानं, आणि ते ताईंनीच जाहीर करायचं होतं. तीच आमची दवाखान्यातली शेवटची बैठक असणार हेही तोवर कळलं होतं. इमारत पाडायची होती, आणि ताईंनी धारणीच्या एका दवाखान्यात काम घेतलं होतं. मेळघाटातून दर महिन्याला अकोल्याला येणं जमणार नव्हतं.

आता ताई तिथेच आहेत. फोन लागला तर लागतो. आम्ही अजून भेटतो, कधी अमरावतीत तेजसच्या घरी, कधी नुसते फोनवर. खालचं काढून पाहतो. पण ते काढायला ताईंचा हात नाही, त्यामुळे कधी कधी नको तेही पडतं. रविवारी दुपारी कुठल्याही दातांच्या दवाखान्याबाहेरून जाताना तो लवंगेच्या तेलाचा वास आला की मी हळू चालते.

शेवटच्या रविवारी मी पोचले तेव्हा दाराशी चपलांची रांग लागलेली होती. वाचण्याचा क्रम त्या रांगेवरून ठरे. ज्याच्या चपला पहिल्या त्यानं आधी वाचायचं. तेजस खास लवकर आला होता, पण त्याचे बूट रांगेत दुसऱ्या नंबरवर होते. पहिल्या होत्या ताईंच्या किरमिजी सँडल. ताईंच्या सँडल नेहमी आत असायच्या, कपाटाखाली. मी थोडा वेळ त्या रांगेकडे पाहत उभी राहिले.

आत गेले तर ताई खुर्चीत बसल्या होत्या. भिंतीवरचे तक्ते काढलेले, त्यांच्या जागी फिक्या चौकोनी खुणा. चाकांचं स्टूल रिकामं होतं, त्यावर कुणी बसेना.

ताईंच्या हातात औषधं लिहायच्या चिठ्ठ्यांचं पॅड होतं. त्यांनी वाचलं ते एका चिठ्ठीत मावेल एवढंच होतं. सकाळ आहे. तेलवाला दुकान उघडतो. काल दिव्यापुरतं तेल नेणारी बाई त्याच्या डोक्यातून जात नाही. तो नावाड्याला विचारतो, घाटावरच्या बायांना विचारतो, दरवाजावरच्या पोरांना विचारतो: काल आली होती ती कोण होती? तिनं जेवण केलं का? विचारत विचारत तो इराच्या घरापर्यंत जातो आणि दार वाजवतो. तिथे संपलं.

ताई खुर्चीतून उतरल्या. अर्ध्या वाटेत थांबून म्हणाल्या, "आता ठरवाचं काम माह्याकडं नाही. तुमी पाहा. अन् माह्याकडं पाहून नोका ठरवू, म्हून तं बाहेर बसून राहिली." त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी स्वतः दार लोटून घेतलं.

आम्ही आत बसलो. ताईंनी केलं ते बरोबर होतं का, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. कायद्यात काही चूक नव्हती. तेजसची गोष्ट अजून वाचली गेली नव्हती. पण आयुष्यभर न लिहिणाऱ्या माणसानं नेमकं त्या दिवशी लिहावं, याचा अर्थ सगळ्यांना कळत होता, तेजसला सगळ्यात जास्त. त्याच्या मांडीवर छापून आणलेली पानं होती. काका त्याच्याकडे पाहत होते. मी जमिनीकडे पाहत होते, कारण खालची गोष्ट माझी होती आणि मला बोलायचा हक्क नव्हता.

शेवटी तेजसच बोलला. "हिची गोष्ट काढा," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "रेवा आलीच नाही, तिनं तेल घेतलंच नाही असं धरा. मंग तेलवाला कोनाबद्दल इचारते?"

काका म्हणाले, "कोनाबद्दलच नाही."

"पडलं," तेजस म्हणाला. त्यानं मांडीवरची पानं दुमडली आणि बॅगेत सरकवली. चेन लावताना थोडा वेळ गेला. मग मला म्हणाला, "जाय, सांग त्याईले."

मी दार उघडलं. पेशंटच्या बाकावर ताई बसल्या होत्या, भिंतीला न टेकता, दोन्ही हात मांडीवर, पाय जुळवलेले. त्या बाकावर इतकी वर्षं त्यांनी इतरांना बसवलं होतं, आणि तिथून आत काय चाललंय ते काहीच ऐकू येत नाही, हे त्यांना बहुधा त्या दिवशीच कळलं असावं. त्यांनी मान वर केली. आम्ही सगळे ज्या चेहऱ्यानं त्यांच्याकडे पाहायचो, तो चेहरा मी पहिल्यांदाच बाहेरून पाहिला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पक्कं," मी म्हणाले. मला माझा आवाज नीट ऐकू आला.

ताईंनी मान हलवली. मग जरा वेळ त्या तशाच बसून राहिल्या, आत यायची काही घाई नसल्यासारख्या.